ज्याची त्याची अफवा

जयादादा स्टुडिओत आला तेव्हा मी भरती-ओहोटीच्या वेळा वाचत होते. काचेपलीकडे आधी त्याचा चेहरा दिसला, मग हातातली लोखंड कापायची करवत. वाचताना मी अडखळले नाही. तोंड सवयीनं पुढं जात राहिलं. "मुरवणे खाडीच्या मुखाशी वारा उत्तरेकडून, दुपारनंतर जोर वाढेल..." आवाजाच्या मिक्सरपाशी बसलेल्या रुकय्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तिनं गाणं लावलं आणि मी दार उघडून बाहेर आले.

"बस, दादा."

"बसायला नाय आलो. किती जाड आहे ते बघायला आलो."

"काय?"

"टॉवर." त्यानं खिडकीतून वर बघितलं. "उद्या संध्याकाळी वाडीतली माणसं येणार. तारा सोडवणार आणि आडवा करणार. तुला आधी सांगून ठेवतो. तेव्हा आत बसू नकोस."

जयवंत माझा सख्खा थोरला भाऊ. आई-बाबा गेल्यापासून मी त्याच्या घरात राहत होते, त्याच्या होडीवर आणलेल्या मासळीवर शिकले होते. हा रेडिओ सुरू केला तेव्हा गाबीतवाडीत सगळ्यात आधी त्यानंच कौतुक केलं होतं. पण आठवड्यापूर्वी वहिनीचं पाचव्या महिन्यातलं बाळ गेलं होतं. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. हे बोलणं पहिलं.

"कशासाठी पाडायचा?" मी विचारलं.

"हे तू विचारतेस?" तो आवाज न चढवता म्हणाला. "तुझ्या ह्या डब्यानं माझं पोर खाल्लं, उर्मी."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस. गर्भपिशवीचं तोंड सैल होतं. पहिल्या वेळीही तेच झालं असणार, असं त्या म्हणाल्या."

"डॉक्टर सगळं सांगत नाहीत. त्यांना सांगू देत नाहीत."

"कोण देत नाही?"

उत्तरादाखल त्यानं फोन काढला आणि टेबलावर ठेवला. फोनमधून एका वयस्क माणसाचा आवाज आला. शांत, समजूतदार. "मी निवृत्त शास्त्रज्ञ बोलतोय. नाव सांगू शकत नाही, माझ्या जिवाला धोका आहे. मुरवण्याच्या बंधू-भगिनींनो, तुमच्या डोक्यावरच्या टॉवरमधून ज्या लहरी निघतात, त्यांनी आधी मासा पळतो, मग पाखरं जातात, आणि मग आईच्या पोटात बाळ टिकत नाही. हे त्यांना माहीत आहे. तुमची मासळी वाळवायची जागा ज्यांना हवी आहे, त्या वरच्या वाडीच्या बागायतदारांना विचारा, टॉवरला जमीन कुणी दिली."

"दादा, आपलं यंत्र पन्नास वॅटचं आहे," मी म्हटलं. "घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी ताकद."

"तू असंच म्हणणार."

"मग मी काय म्हटलं तर तुला पटेल?"

फोन आणि करवत उचलून तो दाराशी गेला. "आणि घरी येऊ नकोस काही दिवस," तो पाठमोराच म्हणाला. "हिला तुझा आवाज सहन होत नाय."

तो उतरणीला लागला. गाणं संपत आलं होतं. मी आत जाऊन बाजारभाव वाचले. बांगडा, सौंदाळे, कोळंबी. मग रुकय्यानं माईक बंद केला आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

आमचा रेडिओ म्हणजे टेकडीवरची एक खोली, भिंतींना गोणपाट ठोकलेलं, आणि शेजारी तारांनी ताणून उभा केलेला लोखंडी खांब. त्याला सगळे टॉवर म्हणायचे. जमीन वरच्या वाडीच्या अण्णा मयेकरांची. खाली खाडीच्या एका बाजूला आमची मच्छीमारांची गाबीतवाडी, दुसऱ्या बाजूला मोहल्ला, आणि वर आंब्याच्या बागा. आवाज पोचायचा तो एवढ्यावरच. बायकांची गाणी, शाळेच्या सूचना, दवाखान्याचे दिवस, असलं आम्ही लावायचो. त्या वर्षी मात्र एक वेगळं काम अंगावर घेतलं होतं. खाडीच्या तोंडाशी एक कंपनी रसायनांच्या टाक्या आणि धक्का बांधणार होती. कंपनीनं सरकारला दिलेला अहवाल जाड आणि इंग्रजीत होता. जनसुनावणी शाळेच्या मैदानात ठरली होती. मी तो अहवाल रोज संध्याकाळी थोडा थोडा आपल्या बोलीत वाचून दाखवत होते. टीका नाही, घोषणा नाही. टाकी फुटली तर विषारी पाणी किती लांब जाईल, हे त्यांनीच लिहिलेलं होतं. मी फक्त आपल्या जागांची नावं घालून सांगायचे. सुरुवातीला लोक ऐकत, फोन करून प्रश्न विचारत. दिवाळीनंतर फोन कमी झाले. मग बंदच.

"उर्मी," रुकय्या म्हणाली, "मला पण सांगायचंय."

"तुझंही काही आहे?"

"अब्बा म्हणतात, उद्यापासून जाऊ नकोस. मी चार दिवस टाळतेय."

"लहरींमुळे?"

"लहरींचं आमच्याकडे कुणी बोलत नाही." ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "आमच्याकडे वेगळं आलंय."

तिच्या फोनवर जे होतं ते एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं होतं, निदान तो तसं म्हणत होता. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमच्याकडच्या मुसलमानांच्या बोलीत. रेडिओला जो कुणी फोन करतो त्याचा आवाज साठवला जातो, तो वर पाठवला जातो. मोहल्ल्यातल्या पोरांची नावं तयार झाली आहेत. नावं पुरवतात ते खाडीपलीकडचे गाबीत, कारण त्यांना तुमची बंदरातली जागा हवी आहे.

"म्हणजे आम्ही खबरी?" मी विचारलं.

"आमची माणसं बोलत नाहीत म्हणून जयादादा रागावतो ना? ती त्याच्याकडे बघायलाही घाबरतात." तिनं फोन उलटा ठेवला. "मला लाज वाटली म्हणून तुला सांगितलं नाही."

आम्ही दोघी दुपारी अण्णा मयेकरांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेला, कडक, कुणाचं फुकट न घेणारा माणूस. अंगणात आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकत बसले होते. रुकय्याला बघून त्यांनी हातोडी खाली ठेवली, पण बसा म्हणाले नाहीत.

"अण्णा, उद्या टॉवर पाडायला येतायत," मी म्हटलं.

"येऊ देत. मीच काढून न्या म्हणून सांगणार होतो."

"मोहोर गळतोय म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"अंदाजानं म्हटलं. तुम्हालाही आवाज आलाय का कुणाचा?"

अण्णांना फोन चालवता येत नव्हता. सुनेनं तो आणून लावला. ह्यात कृषी विद्यापीठातला एक जुना प्राध्यापक होता. लहरींनी मोहोर जळतो. रेडिओला पैसा परदेशातून येतो, मोहल्ल्यातून फिरून येतो. एकदा बागा बसल्या की जमिनी कोण विकत घेणार ते ओळखा. हे ऐकताना अण्णा जमिनीकडे बघत होते. रुकय्या त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती.

"ही पोरगी लहान असताना तुमच्या बागेत कैऱ्या पाडायची," मी म्हटलं.

"मी तिच्याबद्दल बोललो नाही."

"मग कुणाबद्दल?"

त्यांनी हातोडी उचलली. "खांब माझ्या जमिनीत आहे, उर्मिला. मला तो नको. संपलं."

आम्ही परत टेकडीवर आलो. स्टुडिओत रुकय्यानं अण्णांच्या सुनेकडून घेतलेला तो निरोप, स्वतःचा, आणि मी वाडीतून मागवून घेतलेला दादाचा, असे तिन्ही मोठ्या स्पीकरवर एकामागून एक लावले. मग परत लावले. ती रोज आमची ध्वनिमुद्रणं साफ करायची, कुणाचा खोकला काढ, कुणाचा श्वास कमी कर. डोळे मिटून ऐकायची तिला सवय होती.

"भाषा बदलतो," ती म्हणाली, "माणूस बदलत नाही. ऐक. नवीन वाक्य सुरू करण्याआधी जीभ टाळूला लावून सोडतो. टक. आणि लगेच, 'बघा हं.' तिन्हीकडे."

मला आधी ऐकू आलं नाही. मग आलं, आणि मग त्याशिवाय दुसरं काही ऐकूच येईना.

शास्त्रज्ञ, पोलीस अधिकारी आणि प्राध्यापक. एकच माणूस, कुठल्या तरी खोलीत बसून, आमच्या गावाची जमीन, खाडी आणि भांडणं माहीत असलेला.

"आत्ताच्या आत्ता सांगू या," रुकय्या म्हणाली. "संध्याकाळच्या कार्यक्रमात. तिन्ही लावू आणि सांगू."

"कोण ऐकेल? रेडिओ बंद करूनच बसलेत सगळे. आणि ऐकलं तरी म्हणतील, यांनीच घरात बसून बनवलं. दादाला पन्नास वॅट सांगितले, तो काय म्हणाला? तू असंच म्हणणार."

"मग पाडू द्यायचा?"

मी खिडकीशी गेले. खाली दादाची होडी किनाऱ्याला लागलेली दिसत होती. तो आठवडाभर समुद्रात गेला नव्हता. मला खांबाची तेवढी पर्वा नव्हती; खांब पुन्हा उभा करता येतो. पण उद्या गाबीतवाडीनं तो अण्णांच्या जमिनीत शिरून पाडला की वरची वाडी काठ्या घेऊन उतरली असती, आणि मोहल्ल्यानं दारं लावून घेतली असती. त्यानंतर ह्या गावात कुणी कुणाला काही समजावू शकलं नसतं.

"पाडायचं ठरलंय ना," मी म्हटलं, "मग आपणच बोलावू."

त्या संध्याकाळी अहवाल वाचला नाही. माईक उघडला आणि म्हटलं, "मी उर्मिला तांडेल. उद्या चार वाजता टेकडीवरचा टॉवर पाडायचा आहे. ज्यांना पाडायचा आहे त्यांनी जरूर यावं. एका वाडीनं नाही, तिन्ही वाड्यांनी मिळून पाडावा. आम्ही आडवे येणार नाही, कुलूप लावणार नाही, पोलिसांना बोलावणार नाही. एकच अट आहे. पाडण्याआधी प्रत्येक वाडीनं आपलं कारण सगळ्यांसमोर सांगायचं. ज्याला फोनवर जे आलं, ते त्यानं सगळ्यांसमोर लावायचं." हेच वाक्य मी दर थोड्या वेळानं सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीही. रेडिओ कुणी ऐकत नाही म्हणतात, पण टॉवर पाडायची बातमी दुपारपर्यंत शेवटच्या घरापर्यंत गेली होती.

ती रात्र मी रुकय्याकडे काढली नाही, तिला त्रास झाला असता. स्टुडिओतच चटई टाकली.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच माणसं यायला लागली. गाबीतवाडी एकगठ्ठा आली, पुढं दादा, मागं दोरखंड घेतलेली पोरं. वरच्या वाडीची माणसं बागेच्या दगडी गडग्यापलीकडेच उभी राहिली. मोहल्ल्यातून सगळ्यात शेवटी, आणि थोडीच, रुकय्याचे वडील हमीदचाचा पुढं. चाचांनी आमच्या बाबांबरोबर एका होडीत काम केलेलं. दादाला पोहायला त्यांनीच शिकवलं. ते दादापासून लांब, एका दगडावर जाऊन बसले. दादानं त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. बायका मागं, आपापल्या वाडीच्या.

मी स्पीकर बाहेर आणून ठेवला होता. "दादा, तू आधी," मी म्हटलं.

"काय आधी?"

"कारण सांग. अट आहे."

"माझं कारण सगळ्यांना माहीत आहे." पण त्यानं फोन रुकय्याच्या हातात दिला. तिनं तो जोडला. शास्त्रज्ञ बोलायला लागला. मासा, पाखरं, आईचं पोट. गाबीतवाडीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मग शेवटचं वाक्य आलं, वाळवणाची जागा, बागायतदार, जमीन कुणी दिली. गडग्यापलीकडून अण्णा मयेकर म्हणाले, "कोण म्हणतो मला तुमचं वाळवण हवंय? घाणीत काय आंबे लावू?"

कुणीतरी हसलं. दादा हसला नाही.

"आता तुमचं, अण्णा," मी म्हटलं.

"माझं लावायची गरज नाही."

"अट सगळ्यांना आहे."

त्यांची सून पुढं आली आणि तिनं फोन दिला. प्राध्यापक बोलायला लागला. मोहोर. परदेशातला पैसा. मोहल्ला. बागा बसल्यावर जमिनी कोण घेणार. मी लोकांकडे बघत नव्हते, हमीदचाचांकडे बघत होते. ते दगडावरून हळूच उठले. रागानं नाही, बसलेल्या माणसाला अशा वेळी बसून राहता येत नाही, तसे उठले.

"मयेकर," ते म्हणाले, "माझ्या घराची कौलं मी तीन वर्षं बदलली नाहीत. मी तुमच्या बागा घेणार?"

अण्णांनी सुनेला फोन परत घ्यायला खुणावलं.

मोहल्ल्याचा निरोप लावायला कुणी पुढं येईना. शेवटी रुकय्यानं आपलाच फोन जोडला. वडिलांकडे न बघता. पोलीस अधिकारी बोलायला लागला. आवाज साठवतात, नावं वर जातात. आणि मग, खाडीपलीकडचे गाबीत नावं पुरवतात.

गाबीतवाडीत चुळबूळ झाली. "आम्ही?" कुणीतरी म्हणालं. "आम्ही काय पुरवतो?" एकजण पुढं सरकला, त्याला दुसऱ्यानं धरलं. मला वाटलं, आता सगळं हातातून जाणार. मी जो डाव मांडला तो उलटणार.

तेवढ्यात दादा म्हणाला, "परत लाव."

"काय?"

"हे. परत लाव, पहिल्यापासून."

रुकय्यानं पुन्हा लावलं. दादा स्पीकरजवळ गेला, मान वाकडी करून उभा राहिला. त्याचा निरोप त्यानं किती वेळा ऐकला असेल देवाला माहीत. पोर गेल्यापासून त्याला तेवढाच एक आवाज उत्तर देत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं.

"हा तोच आहे," तो म्हणाला.

"कोण तोच?"

"शास्त्रज्ञ. हा टक करतो बघ. 'बघा हं' म्हणतो. माझा शास्त्रज्ञ आहे हा." तो अण्णांच्या सुनेकडे वळला. "तुमचा लाव गं परत."

रुकय्यानं लावला. टक, आणि बघा हं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, वाडी न बघता.

मी एक शब्द बोलले नाही. रुकय्याही नाही.

"तुम्हाला हे कुणी पाठवलं?" हमीदचाचांनी अण्णांना विचारलं. त्या दोघांचं किती दिवसांनी बोलणं होत होतं कोण जाणे.

"फोनवर आलं. तो एक गट आहे, आरोग्याचा. दिवाळीआधी घरोघर सर्वे करत फिरला ना, त्या मुलानं घातलं होतं मला त्यात."

"पांढरा शर्ट? बूट बाहेर काढून ठेवायचा?"

"आजोबा, आजोबा म्हणायचा."

"मला चाचा म्हणायचा," हमीदचाचा म्हणाले. "तास-तास बसायचा. कशाची काळजी वाटते विचारायचा. मी म्हटलं, आमच्या पोरांना उगाच कुणी उचलून नेऊ नये, एवढीच काळजी."

अण्णांनी गडग्यावर हात टेकला. "मी म्हटलं, ही जमीन कुणीतरी बळकावेल."

तेव्हा बायकांमधून सुचितावहिनी पुढं आली. मी तिला पाहिलंच नव्हतं. हॉस्पिटलातून आल्यापासून ती अंथरुणातून उठत नव्हती. शेजारणीचा हात धरून टेकडी चढून आली होती. "तू कशाला आलीस?" दादा म्हणाला. मी आतली खुर्ची आणून दिली, पण ती बसली नाही.

"तो आपल्याकडे पण आला होता," ती दादाला म्हणाली. "तू समुद्रावर होतास, उर्मी इथं रेडिओवर. मला म्हणाला, ताई, तुम्हाला कशाची भीती वाटते? इतक्या मायेनं मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, पहिलं राहिलं नाही, आता दिवस राहिलेत, हेही राहणार नाही असं सारखं वाटतं." तिनं शेजारणीचा हात सोडला. "तेव्हा मी तुलाही सांगितलं नव्हतं, दिवस राहिलेत म्हणून. पहिलं त्या माणसाला सांगितलं. आणि मग दिवाळीनंतर फोनवर हे आलं. बाळ टिकत नाही. मला वाटलं, कुणालातरी कळलं माझ्या मनातलं, म्हणजे ते खरंच असणार."

दादा होता तिथंच खाली बसला, मातीत. डोक्याला हात लावून. हमीदचाचा त्याच्याजवळ गेले आणि बाजूला बसले.

पुढं जे झालं ते फार सुंदर वगैरे नव्हतं. एकदोघं म्हणालेच, आवाज एक असला तरी लहरी खोट्या कशावरून, पाडून मोकळे होऊ. बराच वेळ वाद चालला. शेवटी अण्णा म्हणाले, "माझी जमीन आहे. सुनावणी होईपर्यंत राहू दे. मग मी काय ते बघेन." दोरखंड आणलेली पोरं ते गुंडाळून खाली गेली. पांगताना वाड्या पुन्हा आपापल्या वाटांनीच गेल्या, पण सावकाश, बोलत.

वहिनी माझ्याजवळ आली. तिचा हात गार पडला होता.

"घरी चल," ती म्हणाली. "भात लावायचाय."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानात सुनावणी झाली. मांडव, खुर्च्या, कंपनीचे पाहुणे, आणि पोलीस इतके की मुलं त्यांच्या गाड्या मोजत होती. आलेले अधिकारी जरा गोंधळलेले वाटले. सुरुवातीलाच ते म्हणाले, "गावात तणाव असल्याचे अर्ज आमच्याकडे आले होते. वाड्या-वाड्यांत हाणामारी होईल, सुनावणी इथं न घेता जिल्ह्याला घ्यावी, अशी मागणी होती. आज सकाळपर्यंत आमचा निर्णय व्हायचा होता." त्यांनी मांडवात नजर फिरवली. तिन्ही वाड्यांची माणसं होती. जागा मिळेल तशी बसलेली.

हमीदचाचा माझ्या पुढच्या रांगेत होते. ते मागं वळले आणि हळूच म्हणाले, "जिल्ह्याला गेली असती तर आपल्यातलं कोण पोचलं असतं? एक दिवसाची मासळी सोडून?"

"कुणीच नाही, चाचा."

"म्हणजे त्या फोनवाल्याला टॉवरचं काही नव्हतंच." त्यांनी मान हलवली. "पडला काय, राहिला काय. आपण पाडायला भांडावं, एवढंच हवं होतं."

आधी कंपनीची चित्रं दाखवली, हिरवीगार. मग लोकांना बोलायला सांगितलं. मला वाटत होतं मीच पहिली जावं. मी कागद काढून ठेवले होते. पण वहिनी उठली. माईक तिच्यासाठी उंच होता, पोलिसानं तो खाली केला.

"सुचिता जयवंत तांडेल, गाबीतवाडी," ती म्हणाली. "माझी भीती मी एकदा एका परक्या माणसाला सांगितली होती. त्यानं तिचं काय केलं ते ह्या गावाला माहीत आहे. आता सगळ्यांसमोर सांगते, लिहून घ्या. ह्या टाक्या फुटल्या तर आमच्या वाडीत ते विषारी पाणी शिरायला किती वेळ लागेल, ते तुमच्याच पुस्तकात दिलंय. माझी नणंद वाचते रोज. तेवढ्या वेळात मी घरातल्या म्हाताऱ्या चुलत सासऱ्यांना उचलून टेकडी चढू शकत नाही. मी मागल्या आठवड्यात चढून बघितली."

ती खाली बसली. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "पुढचे कोण?" अण्णा मयेकर आधीच उभे होते. त्यांच्यामागं मोहल्ल्यातल्या दोन बायका. ओळ लागत गेली, आणि संध्याकाळी दिवे लावावे लागले तरी संपली नव्हती.

तो प्रस्ताव नव्यानं अभ्यास करायला म्हणून परत गेला, आणि आमच्या खाडीवर पुन्हा आला नाही. त्या आवाजाविरुद्ध आम्ही तक्रार दिली होती. अज्ञात इसम म्हणून ती तशीच राहिली. पांढऱ्या शर्टाचा मुलगा नंतर कुणाला दिसला नाही. अण्णांनी पावसाळ्यानंतर खांब आपल्या जमिनीतून काढायला लावलाच. आता तो शाळेमागं उभा आहे. रुकय्या मुंबईला एका मोठ्या स्टेशनवर काम करते. वरच्या वाडीत अजून काही घरांत मोहोर गळला की रेडिओचं नाव निघतं, हे मला माहीत आहे. मी वाचत राहते.

दादाशी ह्या विषयावर मी फार वर्षांनी एकदाच बोलले. होडीला रंग देत होतो दोघं, उन्हाळ्यात.

"दादा, तुला अजून कधी वाटतं का, टॉवरमुळेच झालं?"

त्यानं ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला.

"वाटतं," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी वाटतं."

"मग काय करतोस?"

"हिला विचारतो, तुला काय वाटतं," तो म्हणाला, आणि फळीवर रंग ओढायला लागला.